‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ वयाची सूट न देता ऐका

प्रश्न असा आहे: ‘ज्युडास प्रीस्ट या इंग्लिश हेवी मेटल बँडचा इन्व्हिन्सिबल शील्ड हा अल्बम ऐकावा का? गायक सत्तरीच्या पुढे, एक गिटारवाला सोडून गेलेला, दुसरा आजारी. मित्र म्हणतात जुन्या नावावर चाललंय. मी मेटल फारसं ऐकलेलं नाही, इथून सुरुवात केली तर चालेल का?’

ऐका. आणि सुरुवात इथूनच केलीत तरी काही बिघडत नाही. फक्त ‘या वयात एवढं करतात, हेच खूप झालं’ असं मनाशी धरून ऐकायला बसू नका. आजोबा न थांबता तीन जिने चढले की आपण जसं कौतुक करतो, तसल्या कौतुकाची या अल्बमला गरज नाही. पंचवीस वर्षांच्या पोरांच्या बँडला लावाल तीच फूटपट्टी लावा.

अल्बम आला ८ मार्च २०२४ ला. शुक्रवार होता आणि महाशिवरात्र, म्हणून मला सुट्टी. मी विक्रोळीला राहतो. खाली मंदिरात अभिषेकाची रांग, लाउडस्पीकरवर शिवस्तुती, घरात साबुदाण्याची खिचडी. मी आतल्या खोलीचं दार लावून मोठे हेडफोन कानाला लावले. अकरा गाणी, साधारण ५२ मिनिटं. संपल्यावर बाहेर जाऊन चहा घेतला आणि परत पहिल्यापासून लावला. त्या दिवशी तो चार वेळा झाला. प्रीस्टचा नवा अल्बम असा सलग ऐकण्याची वेळ माझ्यावर १९९० च्या ‘पेनकिलर’नंतर पहिल्यांदाच आली, आणि मधले सगळे अल्बम मी ऐकलेले आहेत.

तुम्ही नवीन आहात म्हणून आधी थोडं मागचं सांगतो. पारंपरिक हेवी मेटल म्हणतात ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम आणि आजूबाजूच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून आलं. ब्लॅक सॅबथ तिथलेच, प्रीस्टही तिथलेच. सॅबथचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे तारा सैल लावल्या, आणि तो जड, खोल आवाज आला. प्रीस्टचा गिटारवाला ग्लेन टिप्टन तरुणपणी ब्रिटिश स्टील या पोलाद कंपनीत नोकरीला होता. १९८० साली त्यांच्या अल्बमचं नाव ‘ब्रिटिश स्टील’ पडलं ते काही उगाच नाही. त्यातल्या ‘मेटल गॉड्स’मध्ये लोखंडी माणसं चालल्यासारखा जो खणखणाट येतो, त्यासाठी त्यांनी स्टुडिओत काटे-चमच्यांचे ट्रे आपटले होते. ‘ब्रेकिंग द लॉ’मध्ये काच फुटते त्या दुधाच्या बाटल्या.

हे मला वाचून कळलं, पण त्याच्या बऱ्याच आधी घरात कळलं होतं. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. एका वेळी चार साचे सांभाळायचे. धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा, इकडून तिकडे फेकला जातो, तो प्रत्येक वेळी ठोका देतो, आणि खात्यात असे शेकडो साचे एकदम चालू. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर हाताच्या खुणा किंवा ओठांच्या हालचाली. बावीस वर्षांत त्यांचे कान गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणी त्यांच्यासाठी परत उघडली नाही. पुढे ते एका सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन होते.

मी अकरावीत असताना एका मित्राकडून ‘ब्रिटिश स्टील’ भरून घेतली, मेलट्रॅकच्या कॅसेटवर. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत टू-इन-वन भिंतीच्या फळीवर होता, आणि बाबांचा चहाचा ग्लासही त्याच फळीवर. मी आवाज वाढवला. शेजारचे ओरडायला आले तरी बाबांना काही ऐकू आलं नव्हतं. ते ग्लासकडे बघत होते. चहावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती, एकसारखी, ठोक्याला ठोका. म्हणाले, ‘काय लावलंयस रे? साचे चालू असल्यागत हलतंय.’ मग ग्लास उचलला नाही, तिथेच ठेवला आणि गाणं संपेपर्यंत बघत बसले.

तेव्हापासून कुणी मला मेटल म्हणजे नुसता गोंगाट म्हटलं की मला तो चहा आठवतो. गोंगाटात अशी एकसारखी वर्तुळं उठत नाहीत. या संगीतात ताल यंत्रासारखा नेमका असावा लागतो. गिटारवाला उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवतो, म्हणजे तार घुमत नाही, ठोका देऊन तिथेच दबते. दोन गिटार, बेस आणि ड्रम असे चौघे मिळून तो एकच ठोका मारतात. एकाचा जरा मागेपुढे झाला तर सगळा पसारा कोसळतो.

‘इन्व्हिन्सिबल शील्ड’चं शीर्षकगीत ऐकाल तेव्हा हेच लक्ष देऊन ऐका. सहा मिनिटांच्या वर चालतं आणि कुठे ढिलं पडत नाही. ड्रमवर स्कॉट ट्रॅव्हिस आहे, १९८९ पासूनचा, म्हणजे ‘पेनकिलर’च्या सुरुवातीला ड्रम्सचा तो प्रसिद्ध मारा केलेला माणूस. बेसवर इयन हिल. पहिल्या ‘रॉका रोला’ या १९७४ च्या अल्बमपासून या १९ व्या अल्बमपर्यंत न गळता राहिलेले दोघेच, तो आणि टिप्टन. तो कधी पुढे येत नाही, मागे ड्रमजवळ उभा राहून वाजवतो.

आता दोन गिटारांबद्दल, कारण प्रीस्टचं घराणं इथे आहे. त्यांच्या आधीही दोन गिटारांचे बँड होते, पण एक ताल धरायचा आणि दुसरा मिरवायचा, अशी बहुतेकांची वाटणी. के. के. डाउनिंग आणि टिप्टन या जोडीने दोघांनाही दोन्ही कामं दिली. एक आळवणी एकाने सुरू करायची, उत्तर दुसऱ्याने द्यायचं, आणि मग दोघांनी एकाच चालीवर बरोबर चालायचं, फक्त वेगवेगळ्या सुरांवरून. आपल्या भाषेत सांगायचं तर एकजण सा वरून निघाला की दुसरा ग वरून तीच वाट चालतो. हार्मोनियमवर सा आणि ग एकत्र दाबून बघा, जो गोडवा येतो तो या सगळ्या लोखंडाच्या आत आहे. नंतरच्या किती बँडांनी ही वाट धरली त्याची गणती नाही.

डाउनिंग २०११ मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी रिची फॉकनर आला, तेव्हा तिशीचा. लोकांना वाटलं होतं, भाड्याने आणलेला पोरगा. त्याआधी तो आयर्न मेडन या दुसऱ्या इंग्लिश मेटल बँडच्या स्टीव्ह हॅरिसची मुलगी लॉरेन हॅरिस हिच्या बँडमध्ये होता. २००८ च्या १ फेब्रुवारीला मेडन मुंबईत बीकेसीच्या मैदानावर वाजवून गेले, त्या जगभरच्या दौऱ्यात मेडनच्या आधी तिचाच बँड वाजवत असे. मी कामावरून निघून कुर्ल्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि पोहोचलो तेव्हा मेडनचं सुरू होत होतं. आधीचं सगळं हुकलं, याची चुटपुट मला फॉकनरला प्रीस्टमध्ये ऐकल्यावर लागली.

तुमच्या प्रश्नातल्या ‘दुसरा आजारी’ याबद्दल. टिप्टनला कंपवात आहे, पार्किन्सन्स. २०१८ च्या फेब्रुवारीत, ‘फायरपॉवर’ अल्बम यायच्या तोंडावर, बँडने ते जाहीर केलं. दौऱ्यावर त्याच्या जागी अँडी स्नीप उभा राहिला, जो त्या अल्बमचा एक निर्माताही होता. टिप्टन जमेल त्या रात्री शेवटच्या दोन-तीन गाण्यांना येऊन वाजवायचा. ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ आला तेव्हा तो ७६ वर्षांचा होता, आणि गाण्यांच्या श्रेयात गायक हॅलफर्ड, टिप्टन, फॉकनर अशी तीन नावं आहेत. हात साथ देत नसला तरी चाल सुचते, आणि ती चाल उतरवायला शेजारी फॉकनर आहे. कंपवात झालेलं माणूस मी जवळून पाहिलं आहे, माझी मावशी. रांगोळीची चिमूट धरता येईना तेव्हा ती शेजारी बसून सुनेला सांगायची, इथून ठिपका, इथून वळव. रांगोळी तिचीच असायची, बघणाऱ्याला लगेच कळायचं. अल्बममधलं ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’ ऐकताना मला तसं होतं. ती सरळ, गाता येईल अशी गिटारची ओळ जुन्या प्रीस्टची आहे, बोटं कुणाचीही असोत.

फॉकनरची स्वतःची गोष्टही साधी नाही. २६ सप्टेंबर २०२१, अमेरिकेत केंटकी राज्यातलं लुईव्हिल, महोत्सवातला शेवटचा नंबर ‘पेनकिलर’. वाजवता वाजवता त्याची महाधमनी फाटली. त्याने गाणं पूर्ण केलं. मग इस्पितळात दहा तासांहून जास्त शस्त्रक्रिया चालली आणि तो वाचला. अल्बममधली त्याची एकल वादनं ऐकताना हे माहीत असावं असं नाही, पण मला माहीत होतं आणि मी ते बाजूला ठेवू शकलो नाही.

याच काळातली आणखी एक घडामोड सांगण्यासारखी आहे. जानेवारी २०२२ मध्ये बँडने जाहीर केलं की पुढच्या दौऱ्यात स्नीप नसेल, आपण चौघेच, एका गिटारवर वाजवू. चाहते भडकले, आणि काही दिवसांत निर्णय मागे घेतला. मला तेव्हा आनंद झाला होता. एका गिटारवर प्रीस्ट म्हणजे एकाच टाळाची दिंडी. स्नीप परत आला, आणि या अल्बमचा निर्माताही तोच आहे.

राहिला आवाज. रॉब हॅलफर्ड अल्बम आला तेव्हा ७२ वर्षांचा होता, आणि २०२० मध्ये त्याच्यावर प्रोस्टेटच्या कर्करोगाचे उपचार झाले होते. त्याच्या आवाजाबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात, एक म्हणे पूर्वीसारखाच आहे, दुसरं म्हणे संपला. दोन्ही मला पटत नाहीत. आमच्या चाळीत एकादशीला भजन असे. त्यातले एक बुवा सत्तरीच्या पुढचे. पहिले दोन-तीन अभंग ते खालीच घुटमळत, पखवाज तापला तरी हे आपले शांत. रात्री एकच्या पुढे, पोरांचे गळे बसलेले असताना, बुवा एकदम तार षड्जावर जाऊन थांबायचे आणि सगळी खोली उठून बसायची. आवाज त्यांच्याकडे तरुणांपेक्षा कमी होता. पण तो कुठे खर्च करायचा हे त्यांना ठाऊक होतं.

हॅलफर्ड आता तसा गातो. १९९० मध्ये तो अख्खं गाणं किंचाळीच्या उंचीवर गाऊ शकत होता. आता तो बरंचसं मधल्या सप्तकात, जरा खरखरीत, शब्द चावून गातो, आणि मग नेमक्या सांध्यावर, जिथे गिटार थांबतात आणि ड्रम श्वास घेतो, तिथे वर जातो. ‘द सर्पंट अँड द किंग’मध्ये तो जास्त वर राहतो आणि ते मला थोडं ओढाताणीचं वाटतं. ‘पॅनिक अटॅक’मध्ये मात्र मोजून वापरलेली ती उंची अंगावर येते. इंटरनेटच्या कोलाहलाने बिथरलेल्या डोक्याचं गाणं आहे ते, आणि सुरुवातीला त्यांच्याच १९८६ च्या ‘टर्बो’ अल्बमची आठवण करून देणारा सिंथ गिटारचा, म्हणजे सिंथेसायझरसारख्या वाजणाऱ्या गिटारचा, आवाज आहे. जुन्या चाहत्यांपैकी बऱ्याच जणांना ‘टर्बो’ आवडत नाही. मला आवडतो, म्हणून ही सुरुवातही आवडली.

सगळंच चांगलं आहे असं म्हणत नाही. ‘गेट्स ऑफ हेल’ ठीक, पण मला कधी गुणगुणावंसं वाटलं नाही. ‘सन्स ऑफ थंडर’ मोटरसायकलवाल्यांचं गाणं, छोटं आहे म्हणून चालून जातं. ‘एस्केप फ्रॉम रिॲलिटी’ सॅबथच्या संथ चालीचं, मध्ये दम खायला बरं. माझी खरी तक्रार ध्वनिमुद्रणाबद्दल आहे. स्नीपच्या हातात सगळं फार चकचकीत होतं. ड्रमच्या पायाचा ठोका टाचणी टोचल्यासारखा येतो, छातीवर यायला हवा तो येत नाही. इयन हिलचा बेस दोन गिटारांखाली गाडला गेलाय. ‘ब्रिटिश स्टील’मध्ये भांड्यांचे ट्रे आपटताना खोलीतली हवा ऐकू येते, ती हवा इथे नाही. १९८० चा आवाज २०२४ मध्ये मागणं बरोबर नाही असं कुणी म्हणेल, तरी मी मागतो.

विक्रीबद्दल एक ओळ पुरे. ब्रिटनच्या यादीत हा दुसऱ्या क्रमांकावर गेला, आणि ‘ब्रिटिश स्टील’ तिथे चौथ्यावर थांबला होता. नुसत्या जुन्या नावावर चालणाऱ्या बँडचे चाहते जुनीच गाणी विकत घेतात, नव्या अल्बमसाठी असं करत नाहीत. तुमच्या मित्रांना हे सांगा.

आता ऐकायचं कसं. फोनच्या स्पीकरवर नको, त्यात अर्धा अल्बम येतच नाही. लोकलमध्ये इअरफोनवरही नको. पंख्यांचा आणि रुळांचा आवाज कापायला आपण नकळत आवाज वाढवत नेतो, आणि या संगीतात वाढवायला जागाच नाही, ते आधीच काठोकाठ भरलेलं आहे. कान एकदा गेले की परत येत नाहीत, हे मी घरात रोज पाहिलंय. बाबांना शेवटी शेवटी नातीचं बोलणं ऐकू येत नव्हतं. घरी, बेताच्या आवाजात, स्पीकर असेल तर स्पीकरवर, नाहीतर कान झाकणाऱ्या हेडफोनवर ऐका.

पहिल्यांदा क्रमानेच ऐका, पण पहिली तीन गाणी झाल्यावर दमलात तर थांबा. नवीन माणसाला ती तीन एका दमात जड जातात, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या दिवशी ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’पासून धरा. ते झाल्यावर लगेच ‘ॲज गॉड इज माय विटनेस’ येतं, त्यात ट्रॅव्हिसचे दोन्ही पाय ऐका. आणि ‘जायंट्स इन द स्काय’ कधीही घाईत ऐकू नका. ते गेलेल्या सोबत्यांसाठी आहे, २०१० मध्ये गेलेला गायक रॉनी जेम्स डिओ, २०१५ मध्ये गेलेला मोटरहेड बँडचा लेमी. मध्येच सगळं थांबतं आणि साधी, वीज नसलेली गिटार काही क्षण एकटी वाजते. अख्ख्या अल्बमभर जो चकचकीतपणा मला खटकत होता तो तिथे उतरतो, आणि बोट तारेवरून सरकल्याचं ऐकू येतं.

आवडला तर पुढे ‘ब्रिटिश स्टील’, मग ‘पेनकिलर’, आणि मग मागे जाऊन १९७६ चा ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’. सगळ्यात जुना शेवटी, हे मुद्दाम सांगतोय, ‘सॅड विंग्ज’ची गोडी बाकीचं कानात बसल्यावर जास्त लागते.

घेताना तीन जादा गाण्यांची आवृत्ती घ्या. त्यातलं ‘द लॉजर’ बॉब हॅलिगन ज्युनियरने लिहिलंय, ज्याने १९८२ आणि १९८४ च्या अल्बमांत त्यांच्यासाठी एकेक गाणं लिहिलं होतं, आणि ते मुख्य अकरांतल्या दोन-तीनपेक्षा सरस आहे. फक्त ‘जायंट्स’ संपल्यावर जादा गाणी आपोआप सुरू होतात, तिथे हात लावून थांबवा. ती वेगळ्या दिवशी ऐका.